समोरच्या घरात ठेवलेलं प्रस्थान

आमच्या माहेरच्या माणसांना एक जुनं दुखणं आहे. त्याचं नाव 'जातोयच तर'. सांगलीला लग्नाला जातोयच तर नरसोबाची वाडी करून येऊ. वाडीपर्यंत जातोयच तर कोल्हापूर काय लांब आहे? आणि कोल्हापूरला अंबाबाईला भेटायचं न् ज्योतिबाला नाही, हे बरं दिसत नाही. अशा रीतीनं एका दिवसाच्या लग्नाचे पाच दिवस व्हायचे आणि घरी आल्यावर नवरी दिसायला कशी होती हे कुणालाच धड सांगता यायचं नाही. मी लग्न होऊन धारवाडला आले, तीस वर्षं हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाले. दुखणं काही गेलं नाही.

त्यामुळे मी जहाजाच्या सहलीचं बुकिंग केलं तेव्हाही तेच झालं. जहाज चेन्नईहून सोमवारी निघणार, श्रीलंकेची बंदरं दाखवणार आणि पाच दिवसांनी चेन्नईला आणून सोडणार. एवढं सरळ होतं. पण चेन्नईपर्यंत जातोयच तर आधी दोन दिवस तंजावर बघून घेऊ, आणि परत आल्यावर दोन दिवस महाबलीपुरम आणि कांचीपुरम करू, असं मी ठरवून टाकलं. आमच्या यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड झालाय." ते येणार नव्हतेच. त्यांना हुबळी-धारवाड बसमध्येही नवनगर येईपर्यंत मळमळायला लागतं, समुद्राचं नाव काढायची सोय नाही. न येणाऱ्या माणसाला सल्ले भरपूर सुचतात. मी ते कानाआड केले.

जहाज खरं तर अक्कासाठी होतं. अक्का माझी मोठी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही. देशपांडे नगरातल्या माहेरच्या तीन खोल्यांत ती शिवणाचे क्लास घ्यायची आणि आईबरोबर राहायची. मग आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती परत नीट उभी राहिलीच नाही. त्यानंतरची अकरा वर्षं अक्का घराबाहेर सलग दीड तासापेक्षा जास्त राहिली नाही. मी दर रविवारी धारवाडहून जायची. फळं द्यायची, सल्ले द्यायची, आईच्या उशाशी बसून शाळेतल्या गमती सांगायची आणि अंधार पडायच्या आत परत निघायची. लोक म्हणायचे, दोघी मुली आईचं किती करतात. मी हे ऐकून घ्यायची, अक्काही ऐकून घ्यायची.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर मला वाटलं होतं की अक्का आता मोकळी होईल. पण ती कुठंही गेली तरी थोड्या थोड्या वेळानं "किती वाजले गं?" म्हणून विचारायची. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ, ह्या आईच्या औषधांच्या वेळा. औषधं घेणारी राहिली नव्हती, वेळा राहिल्या होत्या. धारवाडला आमच्याकडं आणलं तर जेवून हात धुतल्याबरोबर चप्पल शोधायला लागायची. म्हणून मी ठरवलं की हिला अशा जागी न्यायचं, जिथनं मधेच उठून घरी जाता येणार नाही. जहाजाइतकी सोयीची जागा दुसरी कुठली?

दोन महिने ती नाही म्हणाली. मग एका रविवारी आपणहून म्हणाली, "येते. पण एक सांगते. एकदाच काय तो धीर केलाय. ह्या वेळेला फिसकटलं तर परत मला विचारू नकोस." अक्का असली वाक्यं उगाच बोलत नाही, त्यामुळे मला तिचं ऐकून आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. हे जमलं नाही तर ती त्या तीन खोल्यांतच राहील, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी तयारीला लागले. मी व्यवस्थित बाई आहे, आणि तसं सांगायला मला आवडतं. निळ्या फायलीत तिकिटं, हॉटेलची पत्रं, विम्याचे कागद, व्हिसाची प्रत, सगळं क्रमानं लावलं. अक्काचा पहिलावहिला पासपोर्ट टपालानं तिच्या पत्त्यावर आला. तिनं मला त्याची रंगीत झेरॉक्स दिली, ती मी प्लॅस्टिकच्या कव्हरात घातली. फोनवर विचारलं, "पासपोर्ट जपून ठेवलायस ना?" ती म्हणाली, "अगदी देवासारखा जपलाय." मी यादीत त्याच्यापुढं बरोबरची खूण केली.

मग अक्कानं कॅलेंडर बघितलं. आमचं निघणं गुरुवारी येत होतं.

"गुरुवारी दक्षिणेला?" ती म्हणाली. "दिशाशूळ आहे."

तीस वर्षं मी पोरींना दिशा शिकवल्या. एकाही दिशेला मी कधी शूळ उठलेला बघितला नाही. हे मी तिला सांगितलंही. पण अशा अडचणीवर आमच्याकडं पूर्वापार उपाय आहे, प्रस्थान ठेवण्याचा. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि प्रवासात लागणारी एखादी वस्तू फडक्यात बांधायची आणि प्रवासाच्या दिशेच्या कुणाच्या तरी घरी ठेवून यायची. म्हणजे प्रवास त्या दिवशी सुरू झाला, आपण फक्त मागनं जायचं. खरोखर निघताना ते गाठोडं उचलायचं आणि मागं न बघता चालू लागायचं.

अक्कानं बुधवारी सकाळी प्रस्थान ठेवलं, समोरच्या सिस्टरकडं. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. बोलणं कानडी, आमच्या घरात येऊन येऊन मराठीही बोलतात. आईला सुया टोचायला, कूस बदलायला रस्ता ओलांडून अकरा वर्षं आल्या. अक्कानं लाल ब्लाउजपीसचं गाठोडं त्यांच्या देव्हाऱ्याजवळ ठेवलं. मी त्या दिवशी सामान न्यायला आले होते म्हणून बघितलं. गाठ अगदीच ढिली होती. आमच्या आईची गाठ वेगळी असायची. साडीच्या काठाची पट्टी काढून ती अशी बांधायची, की लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडायला दात लावावे लागायचे. हयातभर शिवणकाम केलेल्या अक्काला ती गाठ कधी जमली नाही.

गुरुवारी सकाळी सहाला मी धारवाडहून गाडी घेऊन देशपांडे नगरात पोचले. रेल्वेला वेळ होता, पण माझ्या मनानं वेळ कधीच पुरेसा नसतो. बॅगा गाडीत गेल्या. अक्का रस्त्यातच उभी.

"सिस्टर आंघोळीला गेल्यात. येतील एवढ्यात. प्रस्थान उचलायचंय."

"अक्का, गाडीत बस."

"अगं, ते उचलल्याशिवाय जायचं नसतं. त्यात माझा..."

"मूठभर तांदळासाठी रेल्वे चुकवायचीय का तुला? तांदूळ तंजावरलाही पिकतात! सगळं माझ्या फायलीत आहे. बस आधी!"

मी ओरडले. भर रस्त्यात, सकाळी सहा वाजता, सत्तरीकडं झुकलेल्या बहिणीवर. ती गाडीत बसली. कोपरा वळेपर्यंत ती सिस्टरच्या दाराकडं बघत होती. मला वाटलं, बरं झालं, एक खुळ कमी झालं.

बेंगळूरला गाडी बदलून शुक्रवारी सकाळी आम्ही तंजावरला उतरलो. ते मोठं देऊळ बघून मीसुद्धा अर्धा तास माहिती सांगायची विसरले. अक्काला मात्र देवळापेक्षा भिंतीवरचं मराठी जास्त आवडलं. तिथल्या भोसले राजांनी आपल्या घराण्याची हकिकत भिंतीवर मराठीत कोरून ठेवली आहे, वाचता वाचता मान दुखेल एवढी लांब. अक्का एकेक अक्षर बोटानं हवेत गिरवत वाचत होती. "एवढ्या लांब येऊन आपल्यासारखंच बोलायची की ही माणसं," ती म्हणाली. देशपांडे नगरात मराठी बोलत आणि कानडीत भाजी घेत जन्म गेलेल्या बाईनं असं म्हणावं, ह्याची मला गंमत वाटली. त्या दिवशी तिनं दोनदाच वेळ विचारली. मी मनात मोजलं होतं.

संध्याकाळी खोलीवर मी फाइल उघडली. "अक्का, तुझा पासपोर्ट दे. सगळं एका ठिकाणी राहू दे."

"तो प्रस्थानात आहे की."

"कशात?"

"प्रस्थानात. सिस्टरकडं." तिनं शांतपणे सांगितलं. "प्रवासात लागणारी वस्तू ठेवायची असते ना त्यात. आई पंचांग ठेवायची. म्हटलं, जहाजाला सगळ्यात महत्त्वाचं काय? पासपोर्ट. मग तोच ठेवला."

मी फाइल मिटली. "मग काल बोलली का नाहीस?"

"बोलत होते की. तू ओरडलीस. आणि म्हणालीस, सगळं फायलीत आहे. त्याचा कागद आहे की फायलीत, रंगीत. मला वाटलं, तेवढ्यावर चालत असंल."

मी पलंगावर बसले. चिडावं तर कुणावर? तिनं प्रवासाला निघताना सगळ्यात मोलाची वस्तू सगळ्यात आधी पाठवली होती, आणि मी ती तिथंच सोडायला लावली होती. यादीत बरोबरची खूण मीच केली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई मला उद्देशून नेहमी म्हणायची. बैल आता पुरता रिकामा होता.

"असू दे गं," अक्का म्हणाली. "देऊळ तर बघितलं. मी इथनंच परत जाते, तू जा जहाजानं." तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. दर रविवारी मी निघताना ती दारात उभी राहायची तेव्हाचा तो चेहरा. तक्रार नाही, राग नाही, काही मागणंच नाही. मला त्या चेहऱ्याची जेवढी भीती वाटली तेवढी जहाज चुकण्याची वाटली नव्हती.

सिस्टरना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग आमच्या यांना लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि फक्त "बरं" म्हणाले. नाकापेक्षा मोती म्हणाले नाहीत, ह्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. शनिवारी सकाळी ते हुबळीला गेले तर सिस्टरच्या दाराला कुलूप. शेजारीपाजारी विचारत दुपार झाली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं सांगितलं की गुरुवारी दुपारीच सिस्टर लेकीकडं केलगेरीला गेल्यात. केलगेरी म्हणजे आमच्या धारवाडातच. हे हुबळीला जाऊन कळलं. लेकीचं घर तळ्याच्या बाजूला आहे एवढंच दुकानदाराला ठाऊक होतं.

शनिवारी आम्ही तंजावरचा राजवाडा बघितला. म्हणजे अक्कानं बघितला. मी फोनकडं बघत होते. ती प्रत्येक मूर्तीपुढं थांबत होती, पंख्याच्या झुळुकीत उभी राहत होती, गल्लीतल्या दुकानात बाहुली डोलताना बघून हसत होती. आपली सहल इथंच संपायची आहे असं धरून ती सगळं डोळे भरून घेत होती. मला ते बघवेना. "अक्का, तू जहाजात बसणार आहेस," मी म्हणाले. "हो हो," ती म्हणाली. लहान मुलाला म्हणावं तसं.

रविवारी सकाळी आम्ही चेन्नईत पोचलो. हॉटेलच्या खोलीत पंखा लावतोय तोवर फोन वाजला. आमचे हे धापा टाकत बोलत होते. केलगेरीच्या तळ्यावर ते रोज सकाळी फिरायला जातात. त्या दिवशी त्यांनी फिरणाऱ्या एकेका माणसाला थांबवून हुबळीच्या नर्सबाईंची लेक कुठं राहते ते विचारलं. तिसऱ्या की चौथ्या माणसानं तळ्याच्या पलीकडं बोट दाखवलं. सिस्टर स्वतःच तिथं नातवाचा हात धरून फिरत होत्या. फोन त्या चार्जरसकट हुबळीच्या घरात विसरल्या होत्या.

"गाठोडं?" मी ओरडून विचारलं.

फोन सिस्टरच्या हातात गेला. "इल्ले अदरी," त्या म्हणाल्या. इथंच आहे. "ज्या घरात दिवा लागणार नाही तिथं प्रस्थान ठेवत नाहीत. म्हणून मी बरोबर आणलंय. तुम्ही तसंच टाकून गेलात, मी बाहेर येऊन बघते तर गाडी नाही. माझ्या जिवाला घोर लागलेला."

माझा जीव अर्धा भांड्यात पडला. मी म्हणाले, आमचे हे आजच घेऊन निघतील. मागनं यांचा काही आवाज आला नाही, त्यावरनं त्यांना आत्ताच मळमळायला लागलं असावं. पण सिस्टर म्हणाल्या, "नको. ज्यानं ठेवून घेतलं त्यानंच हातात द्यायचं असतं. नाने बर्तेनरी. मीच येते."

सहासष्ट वर्षांची बाई. दुपारच्या गाडीनं बेंगळूर, तिथनं रात्रीच्या गाडीनं चेन्नई. यांनी तिकीट काढून दिलं, स्वतःचा फोन दिला, स्टेशनवर बसवून दिलं. घरी येऊन ते चार वेळा चहा प्यायले म्हणे.

त्या दुपारी मी खोलीत बसून सरळ हिशेब मांडला. दुखणं नसतं, मी शहाण्यासारखं जहाजाचं तेवढं जहाज ठेवलं असतं, तर आम्ही रविवारी हुबळीहून निघून सोमवारी थेट बंदरावर उभ्या राहिलो असतो. रविवारातही अक्कानं काहीतरी खोट काढून प्रस्थान ठेवलंच असतं, आणि मीही तिला तशीच ओढून नेली असती. मग काउंटरवर मी तिच्याकडं पासपोर्ट मागितला असता, आणि ती म्हणाली असती, तो प्रस्थानात आहे की. जहाज कुणासाठी थांबत नाही. तंजावरच्या त्या दोन दिवसांनी आम्हाला वाचवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला 'जातोयच तर' म्हणणाऱ्या सगळ्या पूर्वजांचे पाय धरावेसे वाटले.

सोमवारी सकाळी आम्ही चेन्नईच्या फलाटावर उभ्या होतो. सिस्टर उतरल्या. अंगावर इरकल साडी, खांद्याला कापडी पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाचा मागमूस नाही. मी पुढं धावले तर त्यांनी मला हातानं बाजूला केलं. आधी अक्काला विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला? अक्कानं माझ्याकडं बघितलं. भूगोलाच्या बाईंचा उपयोग पहिल्यांदाच झाला. मी पूर्व दाखवली. सिस्टरनी अक्काला तिकडं तोंड करून उभं केलं आणि लाल गाठोडं तिच्या ओंजळीत ठेवलं. मी तिथंच गाठ सोडून बघितलं. तांदळात पासपोर्ट होता. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मग सिस्टरनी पिशवीतनं दुसरं गाठोडं काढलं.

ते लहान होतं, पांढऱ्या कापडाचं, पिवळं पडलेलं. साडीच्या काठाची हिरवी पट्टी वरनं घट्ट आवळलेली. गाठ बघितल्याबरोबर मला ती कुणाची हे कळलं.

"हेही तुमचंच," सिस्टर अक्काला म्हणाल्या. "आईंनी बांधलेलं. तेरा वर्षं सांभाळलं. न उचललेलं प्रस्थान टाकून द्यायचं नसतं, प्रवास बाकी असतो ना. घराला कुलूप लावताना दर वेळी बरोबर नेते. आत्ता म्हटलं, निघालातच आहात तर हेही घ्या."

मला काही समजेना. अक्का गाठोड्याकडं बघत उभी होती. मग हळूहळू तिनं सांगितलं. त्या वर्षी तिच्या भजनी मंडळाची रामेश्वर-कन्याकुमारीची सहल होती. आईला तेव्हा स्वतःचं स्वतः करता यायचं. आईनंच आग्रह केला, आईनंच प्रस्थान बांधलं आणि रस्ता ओलांडून सिस्टरकडं ठेवून आली. दुसऱ्या दिवशी आई पडली. मंडळ गेलं. अक्का राहिली.

"मला सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"सांगितलं होतं की," अक्का म्हणाली. तेवढंच म्हणाली.

तिनं सांगितलं असणारच. मला आठवतच नव्हतं. एवढं मात्र आठवत होतं की आई पडली तेव्हा मी शाळेच्या पोरींना घेऊन बदामीला होते, आणि निरोप मिळाल्यावर सहल पुरी करून तिसऱ्या दिवशी आले होते. दुसरी बाई पोरींना घेऊन आली असती. मी दुसऱ्या दिवशी येऊ शकत होते.

सिस्टर संध्याकाळच्या गाडीनं परतणार होत्या. तोवर मरीनाच्या वाळूत बसते म्हणाल्या. आम्ही टॅक्सीत बसलो तेव्हा त्यांनी खिडकीतनं हात घालून अक्काच्या गालाला लावला. "यल्ला छलो आगतदरी. होगि बर्री," त्या म्हणाल्या. सगळं छान होईल, जाऊन या. टॅक्सी निघाली तशी अक्का मागं बघणार तेवढ्यात मी तिची मान धरून पुढं फिरवली. "मागं बघायचं नसतं," मी म्हणाले. ती इतकी हसली, की ड्रायव्हरनं आरशात बघितलं.

बंदरावर तपासणीत गाठोडी उघडायची वेळ आली. लाल उघडलं, तांदूळ मी तिथंच कबुतरांना टाकले, सुपारी आणि हळकुंड पर्समध्ये घातलं. पांढऱ्याची गाठ अधिकाऱ्याला सुटेना. त्यानं दोनदा प्रयत्न केला, मग यंत्रात फिरवून बघितलं आणि विचारलं, हे काय आहे? मी सरळ उभी राहून सांगितलं की हे माझ्या आईनं दिलेलं आहे, आम्ही हे खाणार नाही, श्रीलंकेत उतरवणारही नाही. काय मनात आलं कोण जाणे, त्यानं परत दिलं. शिडी चढताना ते मी माझ्या हातात धरलं होतं.

जहाजाबद्दल मी फार लिहीत नाही. सगळ्या जहाजांवर असतात तसे जिने, दिवे आणि गरजेपेक्षा दहापट जेवण होतं. अक्काला पहिल्या दिवशी बोट लागली, तिनं लिंबू हुंगलं आणि ती बरी झाली. त्रिंकोमालीला कड्यावरच्या शंकराच्या देवळात तिनं समुद्राला नमस्कार केला. सकाळी ती डेकवर खुर्ची टाकून बसायची आणि पाण्याकडं बघता बघता झोपून जायची. अकरा वर्षांची झोप होती ती, मी उठवायची नाही. पण सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ ह्या वेळांना ती चुळबुळायची आणि विचारायचीच, किती वाजले गं?

चौथ्या दिवशी मी जहाजावरनं यांना फोन केला. महाबलीपुरम आणि कांचीपुरम रद्द करा म्हटलं, चेन्नईहून कन्याकुमारीची दोन तिकिटं काढा. ते म्हणाले, "आता आणि कन्याकुमारी?" मी म्हणाले, "जातोयच तर." त्यांनी काढली. अक्काला मी गाडीत बसल्यावर सांगितलं. ती खिडकीकडं तोंड करून बसली आणि पदर तोंडाला लावला.

कन्याकुमारी. भारताच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक, तीन पाण्यांचा संगम, एका गुणाचा प्रश्न. तीस वर्षं मी हे फळ्यावर खडूनं दाखवलं. आम्ही सकाळी खडकांच्या पायऱ्यांवर बसलो. वारा एवढा की बोलणं ऐकू येत नव्हतं. अक्कानं पांढरं गाठोडं मांडीवर घेतलं.

"आई म्हणाली होती, परत आलीस की मीच सोडीन गाठ," ती म्हणाली.

मी पर्समधली छोटी कात्री पुढं केली. तिनं नको म्हटलं. नखांनी प्रयत्न केला, मग लहानपणी करायची तसं दातांनी. हिरवी पट्टी सुटली. तांदळाचं पीठ झालं होतं, ते वाऱ्यानं क्षणात नेलं. हळकुंड होतं. आणि सुपाऱ्या होत्या, दोन.

"दोन कशाला?" मी विचारलं. माणशी एक सुपारी असते हे मलाही ठाऊक होतं.

अक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, "एक तुझी. आई म्हणाली, धाकटीलाही ने, दोघी मिळून जा. मी तुला फोन केला होता. तू म्हणालीस, शाळेची सहल आहे, पुढच्या वर्षी बघू."

तेव्हा मला आठवलं. फोन कानाला आणि मांडीवर तपासायच्या वह्या, असं मी ते म्हटलं होतं. पुढच्या वर्षी बघू. मी हे किती जणांना, किती वेळा म्हटलं असेन. मी अक्काचा हात धरला आणि म्हणाले, "चुकलं माझं. प्रस्थानाचं नव्हे. सगळंच." मला आणखी पुष्कळ सांगायचं होतं.

अक्कानं माझी मूठ उघडली, एक सुपारी तीत ठेवली आणि बोटं मिटवली. दुसरी स्वतःच्या कनवटीला खोचली. "आलीस की," ती म्हणाली. "आता काय राहिलं?"

मग ती उठली, साडी जरा वर धरली आणि पाण्याच्या दिशेनं पायऱ्या उतरायला लागली. देवळाकडनं घंटा वाजली, आठ झाले होते. मी तिच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. तिनं विचारलं नाही. तिनं वळून मला हाक मारली, "ये की खाली, पाणी गरम आहे!"